जुन्या क्रमांकांना धक्का न लावता

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाड्यांचे नंबर हा इथल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यातला विषय. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून येताना २१०५ आणि मुंबईला जाताना २१०६, हे कित्येकांना तोंडपाठ होते. गाड्या वाढल्या आणि चार आकड्यांत नंबर मावेनात, तेव्हा २० डिसेंबर २०१० पासून रेल्वेने ते पाच आकडी केले. विदर्भ एक्सप्रेस १२१०५ आणि १२१०६ झाली. डावीकडे एक आकडा वाढला, उरलेले चार तसेच राहिले. लोकांचे पाठांतर वाया गेले नाही.

असाच पेच त्याआधी सात वर्षे संगणकाच्या पोटात सोडवला गेला होता. तो मात्र याहून अवघड होता.

संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. पण हुकूम मात्र त्याचाच चालतो. डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर ही सारी साधने त्याच्या ताब्यात असतात. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या सिस्टीमने या साधनांना फायलींसारखीच नावे दिली. नाव माणसांच्या सोयीसाठी. कर्नल साधन ओळखतो ते क्रमांकावरून.

या क्रमांकाचे दोन भाग असतात. मुख्य क्रमांक सांगतो की साधन कोणत्या प्रकारचे आहे, म्हणजे ते कोणता प्रोग्रॅम हाताळणार. दुय्यम क्रमांक सांगतो की त्या प्रकारातले नेमके कितवे. मोहल्ला आणि घर नंबर, तसेच हे.

फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा हीच पद्धत उचलली. क्रमांकाला एकूण सोळा बिटांची जागा होती. बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढे घर. आठ बिटे मुख्य क्रमांकाला, आठ दुय्यमला. आठ बिटांत २५६ क्रमांक बसतात. घरच्या संगणकाला ते भरपूर. पण मोठ्या सर्व्हरना शेकडो डिस्क जोडायची वेळ आली. स्कझी प्रकारच्या डिस्कचा मुख्य क्रमांक होता ८, आणि विभागांसह प्रत्येक डिस्कला १६ दुय्यम क्रमांक लागत. म्हणजे एका मुख्य क्रमांकात डिस्क बसणार अवघ्या १६. मग आणखी मुख्य क्रमांक उसने घेऊन वेळ मारून नेली जाई.

जागा बत्तीस बिटांची करायची, हे ठरले. पण दोन्ही भाग वाढवायचे होते, आणि खरी अडचण तिथेच होती. आपल्या नेहमीच्या आकड्यांत पाहू. समजा, जुना क्रमांक ०८२५ आहे: मुख्य ८, दुय्यम २५. आता दोन्ही भाग तीन-तीन आकडी केले. जुन्या नोंदीतला ०८२५ नव्या चौकटीत ०००८२५ असा दिसेल, आणि वाचणारा म्हणेल, मुख्य शून्य, दुय्यम ८२५! पत्ता साफ चुकला. असे जुने क्रमांक डिस्कवर लिहिलेले होते, आणि जुने प्रोग्रॅम ते वाचत होते.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत यावर सुंदर तोड निघाली. दुय्यम क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे होते तिथेच ठेवायचे. त्यांच्या डावीकडे तीन आकडे मुख्य क्रमांकाचे. आणि दुय्यमचा वाढीव आकडा अगदी डाव्या टोकाला. आता ०००८२५ वाचा: शेवटी २५, मधे ००८. जुना पत्ता जसाच्या तसा! आणि दुय्यम ३२५ असेल तर क्रमांक होईल ३००८२५. प्रत्यक्षात बारा बिटे मुख्य क्रमांकाला मिळाली, वीस दुय्यमला. म्हणजे ४,०९६ प्रकार, आणि प्रत्येकात १० लाख ४८ हजार ५७६ साधने. कर्नलने आपल्या आतल्या हिशेबात साधी सरळ मांडणी ठेवली. ही वाकडी मांडणी बाहेरच्या जगाशी बोलताना.

तरी एक प्रश्न उरला. सोळा बिटांपलीकडे न पाहणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने मोठ्या क्रमांकाच्या साधनाची चौकशी केली तर? वरचा भाग कापून उरलेला द्यावा, तर मुख्य क्रमांक २६४ मधून २५६ गळतात आणि उरतात ८. आठ म्हणजे डिस्क! विचारले एक, हाती आले भलतेच. अशाने एखाद्याची माहिती पुसलीही जायची. म्हणून असा क्रमांक कापून द्यायचा नाही, ‘मावत नाही’ अशी चूक कळवायची, असे ठरले. चुकीच्या उत्तरापेक्षा नकार बरा, हा त्यातला शहाणपणा.

आज लिनक्सचा कर्नल अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि आपल्याला याचा पत्ताही नसतो. पण पतसंस्थेच्या खात्यांचे असोत की दवाखान्यातल्या केसपेपरचे, नंबर कधीतरी अपुरे पडतातच. तेव्हा नव्या नंबरात किती आकडे, हे लगेच ठरते. जुना नंबर कुठे कुठे लिहिलेला आहे, आणि नवा नंबर न मावणारा जुना वाचक काय करील, हे दोन प्रश्न मात्र आधी विचारावे लागतात.