काय झाकले, काय सोडले : पंथाभ्यासाची प्रस्तावना

धर्मपीठाचा पाठिंबा नसलेला पंथ समाजात तगतो कसा, हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांचे या अभ्यासक्षेत्रात स्वागत. रिचर्ड निबूर या अमेरिकी विद्वानाने १९२९ मध्ये असे मांडले की बंडखोर पंथ फार तर एक पिढी बंडखोर राहतो. पुढे मुलेबाळे, मालमत्ता आणि प्रतिष्ठा आली की तो निवळतो. मांडणी कामाची आहे, पण तीवर विसंबून राहू नये. तडजोडीचे प्रकार अनेक असतात. मॉर्मन चर्चने १८९० मध्ये नवे बहुपत्नीक विवाह थांबवत असल्याचे जाहीर केले आणि १८९६ मध्ये त्यांच्या युटाला राज्याचा दर्जा मिळाला. हा उघड सौदा झाला. सगळेच पंथ असा सौदा करत नाहीत.

आपल्याकडचा महानुभाव पंथ घ्या. तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी सांगितलेले मत तसे अवघडच होते: मोक्ष देणारा परमेश्वर एकच, बाकीच्या देवतांची फळे मर्यादित, आणि संन्याशाने भिक्षा मागताना जात पाहायची नाही. एवढे बोलून गावात राहायचे कसे?

पहिले उत्तर सांकेतिक लिप्यांचे. सकळ, सुंदरी अशा अनेक लिप्या पंथात होत्या. सकळ लिपीतली पोथी उघडली की ओळीमागून ओळी दिसतात, पण एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह बसवलेले असल्याने किल्लीशिवाय काही लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे या संशोधकांमुळे हे साहित्य बाहेरच्या जगाला खुले होऊ लागले. या लिप्या केवळ भीतीपोटी आल्या, असे सरसकट सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्या परंपरेत ज्ञान गुरुमुखातूनच घ्यायचे असते, तिथे कुलूप आतल्यांसाठीही असते. शिवाय गुप्ततेने संरक्षण मिळाले तसा संशयही वाढला. हे लोक लपवतात तरी काय, असे शेजारी विचारणारच.

दुसरे उत्तर शांतपणे दिलेले आहे आणि म्हणून नजरेतून सुटते. पंथ मानतो त्या परमेश्वराच्या पाच अवतारांपैकी, म्हणजे पंचकृष्णांपैकी, श्रीकृष्ण आणि दत्तात्रेय हे दोघे सगळ्यांच्याच ओळखीचे. महानुभाव मंदिरातल्या कृष्णाला वाटेवरचा वारकरीही हात जोडतो. आतला अर्थ मात्र वेगळा: हा कृष्ण विष्णूचा आठवा अवतार नव्हे, तर साक्षात परमेश्वराचा अवतार. मूर्ती सामाईक आणि सिद्धान्त खासगी, ही सोय फार टिकाऊ ठरली.

तिसऱ्या उत्तराबद्दल पंथाचे कौतुक करणारे सहसा बोलत नाहीत. संन्याशांनी जात ओलांडली. गृहस्थ अनुयायी मात्र बहुतांशी आपापल्या जातीतच राहिले, सोयरिकीही तिथेच झाल्या. माझ्या मते समाजात सामावून जाण्याची खरी किंमत इथे चुकवली गेली. लिपी उलगडता येते, हा व्यवहार उलगडणे जड जाते.

विसाव्या-एकविसाव्या शतकांत मान्यता आली ती वेगळ्याच दाराने. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले, चक्रधरस्वामींच्या आठवणींचे लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात पंथाच्या रिद्धपूर या तीर्थस्थानी मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली. म्हणजे पंथाला प्रतिष्ठा मिळाली ती मराठी गद्याचा आद्य ठेवा जपणारा म्हणून. त्याच्या द्वैत मताशी वाद घालायला फारसे कोणी आले नाही. आम्ही भाषेच्या वर्गातही लीळाचरित्र असेच शिकवतो, त्यातला परमेश्वर बाजूला ठेवून.

नव्या अभ्यासकाने लीळाचरित्रापासून सुरुवात करावी, चक्रधरस्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ नंतर घ्यावा, आणि मग पंजाबकडे वळावे. तिथे हा पंथ जयकृष्णी या नावाने ओळखला गेला. नाव स्थानिक कानांना रुचेल असेच आहे. धर्मग्रंथ मात्र मराठीच राहिले, आणि ते वाचण्यासाठी पंजाबी साधू मराठी शिकत आले. पिढीगणिक निवळत जाण्याच्या सिद्धान्तात ही गोष्ट कुठे बसवायची, यावर अजून पुष्कळ काम व्हायचे आहे.