सौम्यार्थक शब्द

तीव्र, प्रखर, उग्र, जहाल या विशेषणांच्या उलट अर्थाचे, म्हणजे जोराची अल्पता दर्शविणारे मराठी शब्द. या सर्वांना पुरून उरेल असा एकच प्रतिशब्द मराठीत नाही. ज्या वस्तूचा जोर उणा, तिच्यावरून शब्द ठरतो, आणि म्हणून ऊन कोवळे, आच मंद, प्रवाह संथ, पाणी कोमट, स्वभाव मवाळ आणि कालवण मिळमिळीत असते. क्रियापदांचीही हीच गत : पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, राग निवळतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके या शब्दांच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. नाणेघाट, आहुपे व भीमाशंकर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेस बेल्हे किंवा लोणीपर्यंत पोहोचेतो इतका क्षीण होतो, की मुसळधार आणि भुरभुर यांच्यामधील बहुतेक पायऱ्या एकाच तालुक्याच्या हद्दीत पाहावयास मिळतात. आणि पश्चिमेकडील भातखाचरांना जी रिमझिम अपुरी, तीच पूर्वेकडील बाजरीला मानवते. या पश्चिम पट्ट्यास मावळ म्हणतात, ते सूर्याच्या मावळण्यावरून. मवाळ हा शब्द मृदू, मऊ यांच्या कुळातला असून त्याचा मावळाशी संबंध नाही, आणि मावळ्यांशी तर नाहीच नाही.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांचा एक निराळा थर या वर्गात आहे. मलिक अहमदाने 1490 मध्ये जुन्नर येथे स्वतंत्र सत्ता पुकारली व पुढे निजामशाहीची राजधानी अहमदनगरास गेली, तरी या मुलखाचा कारभार दीर्घकाळ फारसी वळणाच्या दप्तरातूनच चालला. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश रचवून दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले खरे. परंतु नरम, सुस्त, आस्ते, सबूर हे शब्द कचेरीतून केव्हाच ओसरीवर येऊन बसले होते आणि तेथून ते उठले नाहीत.

या शब्दांत स्तुतीचे कोणते व निंदेचे कोणते, हे विशेष्यावाचून सांगता येत नाही. मंद वारा सुखद, मंद बुद्धी हे वैगुण्य, तर मंदाग्नी हा वैद्याकडे नेणारा विकार. मवाळ या साध्या विशेषणास राजकारणाने पक्षाचे नाव केले : 1907 च्या सुरत काँग्रेसमध्ये फूट पडली, तीत टिळकांचा पक्ष जहाल आणि गोखल्यांचा मवाळ. मिळमिळीत मात्र कोठेही गौरवार्थी आढळत नाही.

सौम्य म्हणजे निष्प्रभ नव्हे, हे आयुर्वेदाने फार काटेकोरपणे नोंदविले आहे. चरकसंहितेत मृदू विरेचनासाठी बाहवा आणि तीक्ष्ण विरेचनासाठी निवडुंगाचा चीक श्रेष्ठ ठरविला आहे. शार्ङ्गधराने अनुलोमन, स्रंसन, भेदन व रेचन अशी चढती श्रेणी लावून तिच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे मलाचा पाक करून तो सहज खाली नेणाऱ्या औषधांत, हरीतकीस स्थान दिले. हीच हरीतकी, म्हणजे हिरडा, जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम डोंगरांत विपुल असून तिची कोवळी फळे, ज्यांना बाळहिरडा म्हणतात, गोळा करून वाळविणे व विकणे हे तेथील महादेव कोळी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे.