हजेरीपटाबाहेरची बाई

पुणे–नाशिक रस्त्याने खेड सोडून मंचरकडे निघाले की आंबेगाव तालुक्यातले पेठ लागते. पुढे नारायणगाव आणि तिथून पश्चिमेला जुन्नर. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरच. या गावाची आणखी एक ओळख पेशवाईच्या दप्तरांत जागोजागी सापडते, ती म्हणजे जुन्नरी कागद.

हा कागद करणारे कागदी मुसलमान होते. जुनी गोणपाटे आणि दोर चुन्यात भिजवून कुटायचे, धुवायचे, लगदा हौदात कालवून साच्यावर घ्यायचा, ताव भिंतीवर वाळवायचे, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घर आणि कारखाना एकच. अशा घरधंद्यात बाईचा हात नसेल असे म्हणणे कठीण. पण हिशेबात ‘कागदी’ म्हणजे पुरुष. बाई केली तर ‘मदत’ करी, आणि मदतीला मजुरी नसते. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हातकागद बसला. पुरुषाचा धंदा गेला याची नोंद झाली. बाईचे काम गेले हे कुणी लिहिले नाही, कारण ते होते असेच कुणी लिहिले नव्हते.

मुस्लिम स्त्री काम करीत नाही, हे वाक्य आपण सहज बोलतो. इतिहास वेगळे सांगतो. ती काम करीत होती, हजेरीपटावर तिचे नाव नव्हते.

फातिमा शेख यांचेच पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शिक्षणकार्यात फातिमाबी होत्या. आज आपण त्यांना पहिली मुस्लिम शिक्षिका म्हणून अभिमानाने मिरवतो. पण त्यांच्या कामाचा समकालीन लेखी पुरावा किती? सावित्रीबाई आजारी पडून नायगावला गेल्या असताना 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. मैत्रिणीने आठवण काढली म्हणून नाव उरले.

नाव लागले की काय होते, हे विड्यांच्या धंद्यात दिसते. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. अंमलबजावणी लंगडी राहिली, पण हक्क मागायला जागा झाली. शिवणकाम, भरतकाम, निवडण-टिपण घरी करणाऱ्या बहुसंख्य बायकांना ती जागा मिळाली नाही.

2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. खेड्यांत कामकरी हिंदू स्त्रियांचे प्रमाण सुमारे 70 टक्के, मुस्लिम स्त्रियांचे 29. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी 70 टक्के घरातूनच काम करीत होत्या. सर्व कामकरी स्त्रियांत हेच प्रमाण 51 टक्के होते. म्हणजे कागद गेला, उंबरठा तिथेच राहिला.

हा उंबरठा दोन्ही बाजूंनी उंच केला गेला. आतून आपण केला. 1982 साली जळगावात मुस्लिम स्त्रियांना सिनेमा पाहायला बंदी झाली आणि रझिया पटेल यांना त्याविरुद्ध लढावे लागले. जिला सिनेमाला जाऊ देत नाहीत, तिला एस.टी.ने तालुक्याच्या गावी नोकरीला कोण पाठवणार? हजरत खदीजा व्यापार करीत होत्या, हे आपण वाजात सांगतो आणि घरी आल्यावर विसरतो. बाहेरूनही अडसर आहेच. नाव ऐकून, पेहराव पाहून दार अर्धवट उघडणारे थोडे नाहीत.

सरकारने काय केले? महमूदुर रहमान समितीचा अहवाल 2013 साली आला. 2014 च्या जुलैत वटहुकूमाने मुस्लिमांना नोकरी व शिक्षणात 5 टक्के आरक्षण मिळाले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणातले राखून नोकरीतले थांबवले. पुढे वटहुकूमाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. तो टिकला असता तरी एक प्रश्न राहिलाच असता: सातवी-दहावीनंतर गावातली शाळा संपते तेव्हा पुढच्या शाळेपर्यंत मुलगी पोचते का?

म्हणून सुरुवात लहान गोष्टींपासून करू या. मुलीचा एस.टी.चा पास अगोदर काढून ठेवावा. घरात शिलाई होत असेल तर बाईचा हिशेब वेगळ्या वहीत, तिच्याच नावाने लिहावा. जुन्नरच्या कागदावर दुसऱ्यांचे हिशेब भरपूर लिहिले गेले. आता एक पान तिचेही असू द्या.