पिशवीतली मुळं
आमच्या गडब गावात खाडीकडं खारजमीन, म्हणून आमचे आंबे डोंगराच्या अंगाला. आजोबांचा हापूस मातीच्या कुंडीतल्या भेट कलमाचा. पुढं दापोली विद्यापीठाच्या शिफारशीची कोय कलमं आली. १९९० पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेनं कलमं गावोगाव पोचली, प्लास्टिकच्या पिशव्यांतून. योजना चांगलीच, पिशवी नडली. सोटमूळ तळाला टेकतं नि गोल फिरू लागतं. लावताना ते छाटायला हवं, पण घाईत कोण बघतो? वर मातीची भर, म्हणून गोल फिरलेलं मूळ बुंध्याला आवळतं तेही दिसत नाही.

धडधाकट बुंधा जमिनीलगत रुंदावतो. तो खांबासारखा सरळ आत गेलेला दिसला की मी खुरप्यानं माती उकरतो, मुळांचा फुटवा दिसेपर्यंत. आवळणारं मूळ पटाशीनं तोडतो. खोडात रुतलेलं असेल तर मात्र हात लावत नाही. सालच सोलून निघते.