बोंडलें आणि रबरी निपल

आमच्या आजीच्या काळीं तान्ह्या मुलास वरचें दूध पाजावयाचें झालें, म्हणजे फडताळांतून बोंडलें बाहेर निघे. तें घासून, धुऊन उन्हांत वाळविलें, कीं घरच्या बायका निर्धास्त होत. बारामतीस लागून असलेल्या जळोचीच्या घरांतून काय, किंवा पुण्यामुंबईच्या घरांतून काय, त्या बोंडल्याची जागा पुढें बाटलीनें व तिच्या रबरी निपलानें घेतली. आई तें निपल उकळून घेते व निश्चिंत होते. जंतूंपुरती ही निश्चिंती रास्त आहे. परंतु रबराच्या अंगांतच जें मुरलेलें असतें, त्याचें काय? या प्रश्नाची हकीकत वाचकांपुढें मांडावी, असा आमचा हेतु आहे.

कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत ताठरतें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास तें गंधकासह तापविल्यानें हा दोष जातो असें आढळलें. मात्र या क्रियेस वेळ फार लागे. १९०६ च्या सुमारास जॉर्ज ऑनस्लागर यानें ॲनिलीनसारखीं द्रव्यें मिसळून ती त्वरेनें घडवून आणिली. पुढें याहूनही जलद द्रव्यें निघालीं व धंदा फोफावला. पण घातलेलें द्रव्य सगळेंच खपून जातें असें नाहीं. कांहीं शेष रबरांत राहतो. त्यांतील कित्येकांपासून अमाइनें सुटतात, आणि त्यांचा हवेंतील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशीं संयोग झाला, म्हणजे नायट्रोसामाइन नांवाचीं संयुगें बनतात.

हीं संयुगें किती घातक, हें १९५६ सालीं इंग्लंडांत मॅगी व बार्न्स यांनीं दाखविलें. त्यांतील एक संयुग आहारांतून दिलेल्या उंदरांच्या यकृतांत अर्बुदें झालीं. तरीही बाळाच्या तोंडांतील निपलाकडे संशयानें पाहण्यास आणखी पाव शतक जावें लागलें. १९८१ च्या सुमारास जर्मन संशोधकांनीं तें पाहिलें, आणि त्यांत हीं संयुगें सांपडलीं. १९९३ सालीं युरोपांतील राष्ट्रसंघानें मर्यादा ठरविली: रबराच्या दहा कोटी भागांत नायट्रोसामाइनाचा एक भाग, याहून अधिक नको.

इतकें सूक्ष्म विष ओळखावें कसें? परीक्षक लाळेसारखा द्राव तयार करितो, त्यांत निपल ४० अंश उष्णतेवर २४ तास ठेवितो, आणि त्या द्रावांत काय उतरलें तें यंत्रानें मोजतो. म्हणजे परीक्षा रबराची असली, तरी प्रश्न विचारावयाचा तो बाळाच्या जिभेच्या वतीनें! आईच्या उकळण्यानेंही यांतला कांहीं अंश निघतो, म्हणून तें पाणी फेकून द्यावें हें बरें. पण सगळा निघाला कीं नाहीं, हें डोळ्यांस कळत नाहीं.

आपल्या प्रांतांत ठाणें येथें रबर उद्योगाची संशोधनसंस्था १९५९ पासून आहे व तेथें रबराच्या मालाची परीक्षा होते. १९९२ च्या कायद्यानें दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी झाली. शिवाय भारतीय मानक ब्यूरोची खूण वेष्टनावर असल्यावांचून बाटली विकतां येत नाहीं. पण खूण वेष्टनावर असते, आणि सुटें निपल घेणाऱ्याच्या हातीं वेष्टन येत नाहीं. शहाण्या कायद्याची ही सर्वांत पातळ जागा होय.

सिलिकोनच्या निपलांत हा विशिष्ट दोष नाहीं, हें खरें. तथापि आईचें दूध हें पहिलें. तें न पुरल्यास वाटी-चमचा हा आजच्या वैद्यांचाही सल्ला आहे. आजीचें बोंडलें आम्ही जुनें म्हणून फडताळांत ढकललें. पण नव्या वस्तूची परीक्षा तिचा वापर रूढ होण्यापूर्वीं व्हावी, एवढी दक्षता आम्हीं का ठेविली नाहीं, हा प्रश्न निपलापुरताच उरत नाहीं.