जगात कारचा प्रवास वाढतोय की कमी होतोय?

उत्पन्न वाढलं की गाड्या वाढणार आणि प्रत्येकाचा कारप्रवासही वाढणार, असं विसाव्या शतकात गृहीत धरलं जायचं. त्याच हिशेबावर महामार्ग आखले गेले. २००० नंतर मात्र अनेक श्रीमंत देशांत हा हिशेब चुकू लागला.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत सगळ्या वाहनांनी मिळून १९७० मध्ये सुमारे १.१ लाख कोटी मैल अंतर कापलं. २००७ मध्ये हा आकडा ३ लाख कोटींवर गेला. पण दरडोई अंतर २००४-०५ च्या सुमारास वर्षाला साधारण १० हजार मैलांवर (१६ हजार किलोमीटर) पोचलं आणि मग घसरू लागलं. म्हणजे २००८ च्या मंदीच्या आधीच. २०१४ नंतर पेट्रोल स्वस्त झाल्यावर ते पुन्हा वाढलं, तरी जुना उच्चांक गाठला गेला नाही.

इंग्लंडमध्ये एक कार २००२ मध्ये वर्षाला सरासरी ९,२०० मैल धावायची. २०१९ मध्ये हे अंतर ७,४०० मैलांवर आलं. याला 'पीक कार' म्हणतात, म्हणजे कारप्रवासाने शिखर गाठणं.

असं का झालं?

एक कारण इंधनाचं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं. दुसरं कारण तरुणांचं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ४६ टक्क्यांकडे लायसन्स होतं, २०१४ मध्ये ते जेमतेम २५ टक्क्यांकडे होतं. तिसरं कारण वेळेचं. माणूस रोज साधारण तासभर प्रवासात घालवतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. रस्ते सुधारले, वेग वाढला, तेव्हा त्याच तासात जास्त अंतर कापता आलं. कोंडीमुळे वेग वाढायचा थांबला की अंतरही थांबतं.

भारतात काय?

भारत अजून या शिखरापासून दूर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जेमतेम ८ टक्के कुटुंबांकडे कार होती. त्यामुळे एकेक गाडी कमी धावली, तरी नव्या गाड्यांमुळे एकूण अंतर वाढू शकतं.

म्हणून 'कारप्रवास वाढला' अशी बातमी दिसली की आधी एक गोष्ट तपासा: आकडा एकूण अंतराचा आहे, दरडोई आहे की दर गाडीचा? नव्या रस्त्यावर किती पैसा ओतायचा, हे याच उत्तरावर ठरतं.