पगारपत्रकातली ओळ आणि मुरमाचा रस्ता

लातूर-नांदेडकडच्या खेड्यांतले रस्ते आणि पाझर तलाव कोणाच्या पैशातून झाले, हे मी बरीच वर्षे बांधकामाच्या जुन्या कागदांत शोधत होतो. उत्तराचा मोठा भाग सापडला तो एका नोकरदार मित्राच्या पगारपत्रकात. ‘व्यवसाय कर’: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. कशाचे कापतात, हे त्याला ठाऊक नव्हते. हा कर १९७५ साली महाराष्ट्राने बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. तेव्हा मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण.

योजना त्याआधीची, १९७२ ची. तिचे जनक विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पण दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की बंद. पाग्यांना हवा होता हक्क, आणि हक्क द्यायचा तर पैसा दरवर्षी बाजूला काढलेला पाहिजे. म्हणून व्यवसाय कर, मोटारी, विक्रीकर आणि बागायती जमिनींवरचे जादा आकार, आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याच्या तिजोरीतून. कराचा मोठा वाटा मुंबईचा. शहरातल्या पगारदाराने कोरडवाहू गावाच्या मजुरीसाठी पैसे द्यायचे, असा हा सरळ व्यवहार. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

पण त्या पैशाला एक अट होती: खर्चाचा किमान ६० टक्के हिस्सा अकुशल मजुरीवर. मला वाटते, आमच्याकडच्या कामांचे रूप या अटीने ठरवले. कंधार, मुखेड, अहमदपूर भागात नालाबांध, पाझर तलाव, मुरमाचे रस्ते झाले, कारण ते हाताने होत. डांबर, पूल, मोऱ्या यांत पैसा सामानावर जातो. ते मागे राहिले. माती टाकलेला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडायचा, आणि टीकाकार म्हणायचे, पैसा मातीत गेला. टीका अगदी खोटी नव्हती. खोटे मस्टर, कमी मापे हेही होतेच.

तरी मी तो हिशेब वेगळा मांडतो. लहानपणी माझी आई अशा एका रस्त्यावर मातीची पाटी वाहायची. मजुरी मापावर, बाईला आणि गड्याला दर एकच. सालदाराच्या घरात तेव्हा ही लहान गोष्ट नव्हती. त्या वर्षी वडिलांनी मालकाकडून उचल घेतली नाही. रस्ता वाहून गेला, पण उचल न घेतलेले ते वर्ष आमच्या घरात राहिले.

डांबरासाठी दुसरी तिजोरी लागली. १९९५-९६ पासून नाबार्डमध्ये ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी आला. त्याची गंमत अशी, की ज्या बँका शेतीला ठरलेले कर्ज देत नाहीत, त्यांनी तुटीची रक्कम तिथे ठेवायची. त्यातून राज्याला कर्ज, त्यातून पूल आणि रस्ते. शेतकऱ्याला न मिळालेले कर्ज त्याच्या गावात रस्ता होऊन आले! २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, डिझेलवरच्या अधिभारातून. या पैशाला मजुरीची अट नव्हती. रस्ते टिकाऊ झाले, आणि ते यंत्रांनी केले.

२००६ च्या फेब्रुवारीत केंद्राची रोजगार हमी पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते. अकुशल मजुरीचा भार तेव्हापासून दिल्लीकडे गेला. मित्राच्या पगारातून व्यवसाय कर मात्र अजून कापला जातो.